सांध्याची फट

रिओनी नदीवरच्या पुलांचे सांधे तपासणं, हे माझं काम.
दोन तुळयांमध्ये चार बोटं जागा मुद्दाम सोडलेली असते.
तिच्यात माती बसते, खडी अडकते,
कुणी बाटलीचं बूच टाकून जातं.
मी पोटावर पडून आकडीने सगळं उकरतो.
नाही उकरलं तर ऑगस्टात पूल फुगतो,
सरकायला जागा नसली की आधी कुरकुरतो,
मग तडकतो.
एकोणीस वर्षं हेच करतोय.

उशांगीला तेरावं लागलं
आणि तो जमीन निवडून पाय टाकायला लागला.
डांबरावर ठीक. गोट्यांच्या वाटेवर
घोटा मुरगळायचा, महिन्यातून तीनदा.
बुटांच्या टाचा आतल्या अंगाने झिजायच्या.
खेळाच्या मास्तरांनी वहीत लिहिलं: अंगचोर.
मी खाली सही केली.

द्राक्षं उतरली तेव्हा त्याला लाकडी डोणीत उभं केलं.
माझा भाऊ बेसारिओन हसला,
"पाय कसले, पोळपाट आहेत! रस एका दमात निघेल."
निघालाही. पोरगं तुडवत राहिलं
गुडघ्यांपर्यंत जांभळं, ओठ दाबून.
बाहेर आलं तेव्हा फळ्यांवर पावलं उमटली.
माझ्या पावलाच्या मधे कोर सुटते,
त्याचं पाऊल अख्खं,
टाचेपासून बोटांपर्यंत काठोकाठ भरलेलं.
रात्री त्याच्या पोटरीची बाहेरची बाजू
ओल्या दोरासारखी ताठली.
मी चाचा चोळली, घरी गाळलेली, कडक.
म्हटलं, "उगी. वाढीचं दुखणं आहे."
वाढीचंच होतं.
मला वाटलं तसं नव्हतं, एवढंच.

डॉक्टर मक्वाला बोलतात कमी.
"चवड्यांवर उभा राहा."
चवड्यांवर चढलं की तळव्याला कमान येते,
टाच आत वळते, म्हणे.
याची टाच होती तिथेच, बाहेर कललेली,
पाय रोवून बसलेल्या गाढवासारखी.
मग त्यांनी टाच मुठीत धरून हलवून पाहिली.
हलली नाही.
उशांगी छताकडे बघत होता, तिथे काहीच नव्हतं.

फोटो उजेडाला लावून त्यांनी पेन्सिल टेकवली:
हे टाचेचं हाड. हे पुढचं, होडीच्या आकाराचं.
आणि मधे, जिथे काही नसायला हवं, तिथे
एक पूल.
"जन्मापासून आहे. आतापर्यंत मऊ होता, वाकायचा.
आता त्याचं हाड होतंय."

मी टोपी काढून हातात धरली, का कोण जाणे.
गावभरच्या फटी मी राखतो,
आणि माझ्या पोराच्या पायात
फट सोडायची राहून गेली होती.

सहा आठवडे प्लास्टर. मग बुटात आधार.
नाहीच भागलं तर पूल कापायचा.
"पुन्हा जुळला तर?" मी विचारलं. धंद्याचा प्रश्न.
"जुळू नये म्हणून मधे चरबी भरतो,
त्याच्याच अंगातली, थोडी."
"आम्ही रबर भरतो," मी म्हणालो.
तेव्हा कुठे त्या हसल्या.
"मग लगेच ट्रक सोडतात का वरून?" उशांगीने विचारलं.
बऱ्याच दिवसांनी तो काहीतरी विचारत होता.

रविवारी त्याला पुलावर नेलं,
कुबड्यांसकट, कारण घरी बसून तो कावला होता.
कठड्याशी बसला, प्लास्टरचा पाय लांब करून.
त्यावर वर्गातल्या पोरांनी काय काय लिहिलंय,
मी वाचलं नाही.
वहीतल्या त्या सहीचं त्याला सांगायचं होतं.
शब्द जुळवत होतो, तोच आठ नंबरची मिनीबस आली
आणि सांध्यावरून गेली: टक, टक.
"वाजतंय हे," तो म्हणाला. "बिघडलंय?"
"नाही रे. वाजायलाच हवं."
तो वाकला, फटीत बोट घातलं,
एक बूच काढून माझ्या तळहातावर ठेवलं,
आणि पुढच्या गाडीची वाट बघत
कान खाली लावून बसला.